पढंतीचे वीस गुण

गुरुवार, ९ ऑक्टोबर

परीक्षेची तारीख आली. ३० नोव्हेंबर, रविवार, केंद्र कल्याण. आजपासून बावन्न दिवस. दोन वर्षं तबला शिकतोय, तेव्हा आज ना उद्या हे व्हायचंच होतं. फॉर्मही मीच भरला, कुणी मानेवर सुरी ठेवली नव्हती. मग दुपारपासून एकच फाइल तीनदा कशाला लावली?

कशाला ते लिहूनच ठेवतो. भीती वाजवण्याची नाही, पढंतीची आहे. पढंत म्हणजे वाजवण्याआधी तोच ताल हातानं टाळी-खाली दाखवत तोंडानं म्हणायचा. परीक्षकासमोर, खणखणीत. शंभरातले वीस गुण त्याचे. आणि मी तोतरा. जन्माचा. 'ध'वर माझी जीभ अशी बसते की ढकलली तरी उठत नाही, आणि तबल्याची मुळाक्षरंच 'धा'पासून सुरू होतात. देवाला थट्टेची हौस दांडगी.

ठाण्याच्या कचेरीत मी रेकॉर्ड विभाग मागून घेतला तो ह्यासाठीच. फायलींशी बोलावं लागत नाही. बढतीच्या मुलाखतीला दोनदा गेलो नाही. दोन्ही वेळा पोट बिघडल्याचं कळवलं, तेही लेखी. दहावीच्या तोंडी परीक्षेत मास्तर म्हणाले होते, "नाव तरी सांग, त्याचे दोन गुण देतो." मी ते दोन गुणही घालवले. सहदेव हे नाव ठेवणाऱ्या आजोबांना 'स' किती लांबतो ते ठाऊक नसावं.

आता बेचाळीस पूर्ण झाली. एकदा तरी अनोळखी माणसासमोर बसून तोंडानं काहीतरी पुरं म्हणायचं आहे. सर्टिफिकेट गेलं उडत.

शनिवार, ११ ऑक्टोबर

डोंबिवलीचा आमचा क्लास पिठाच्या गिरणीच्या वर आहे, त्यामुळे रियाज कायम दळणाच्या वासात. मुळात इथं माझी लेक क्षिप्रा यायची. तिनं चार महिन्यांत तबला सोडून बॅडमिंटन धरलं, आणि बाहेरच्या बाकावर तिची वाट बघणारा बाप आत जाऊन बसला तो अजून उठलेला नाही. माझ्या बरोबरीला सगळी आठ-दहा वर्षांची पोरं. मला काका म्हणतात आणि माझ्याआधी नवा कायदा, म्हणजे बोलांची बांधणी, उचलतात.

शिवराम सरांबद्दलही आज लिहून टाकतो. साठी उलटलेला माणूस, हात असा की डग्गा नुसता गुणगुणतो. पण तोंडाची काय ती कंजुषी! दोन वर्षांत माझ्याशी सलग चार वाक्यं बोललेले नाहीत. चुकलं की डग्ग्यावर एक थाप, बरोबर आलं की मान डोलणार. पाणी हवं असलं तरी तांब्याकडे बोट. बोल म्हणायला लागले की मात्र ऐकत राहावं, एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. म्हणजे तोंड आहे, आमच्यासारख्यांवर खर्च करायचं नाही एवढंच. बाकी सगळं नीलाकाकू बोलतात. फोन काकू घेतात, पालकांशी काकू वाद घालतात, आणि सरांनी तोंड उघडलंच तर त्यांचं वाक्यसुद्धा काकूच पुरं करतात. नवऱ्याला बोलू म्हणून देत नाही ही बाई.

नाव घेऊन तर सर कुणालाच हाक मारत नाहीत. कादंबरी त्यांची सगळ्यात जुनी शिष्या, नऊ वर्षं शिकतेय, तिलाही 'पोरी'. मुलांना 'अरे', मला 'अहो'.

आज निघताना विचारलं, पुढचा क्लास कधी? तर म्हणाले, "मंगळवार झाला की या." सरळ 'बुधवार' म्हटलं असतं तर जिभेला काय फोड आला असता? कलावंतांना मिजास असतेच, पण ह्यांना जरा जास्त आहे.

बुधवार, १५ ऑक्टोबर

आज छळ. सरांनी मला सगळ्या पोरांच्या समोर बसवलं आणि हातानं खूण केली, म्हणा पढंत. त्रिताल, म्हणजे सगळ्यात सोपा.

टाळी दिली आणि 'ध'वर जाऊन बसलो. मान ताठ, डोळे मिटलेले. पोरं आधी गप्प होती, मग एकजण फिस्सकन हसलं. सरांनी अशी थाप मारली की त्याचं हसू तिथंच जिरलं. मग माझ्यासमोर येऊन बसले. माझा हात स्वतःच्या हातात घेऊन अख्खं आवर्तन नुसत्या टाळ्या दिल्या. सोळा मात्रा, तोंड बंद. पुढच्या समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, त्यांनी भुवया उडवल्या आणि माझ्या तोंडून 'धा धिं धिं धा' असं सुटलं की मीच दचकलो. पहिलं आवर्तन हाताचं, दुसरं तोंडाचं. पुन्हा केलं, पुन्हा सुटलं.

ही युक्ती ह्यांना सुचली कुठून कोण जाणे. घरी आल्यावर तबल्याच्या पुस्तकात शोधली, नाही सापडली.

सोमवार, २० ऑक्टोबर

पहिली आंघोळ. आम्ही राहतो त्या दिवा गावात पाणी पहाटे साडेपाचला येतं, कधी अर्धा तास, कधी नुसती हवा. आज सणाचं म्हणून वीस मिनिटं आलं. पिंप भरेपर्यंत नळाशी बसून पढंत केली. चारही ताल एकदाही न अडता म्हटले. क्षिप्रा डोळे चोळत आली आणि म्हणाली, "बाबा, तू पढंतीला अडकत नाहीसच मुळी. कुणी बघायला लागलं की अडकतोस." ती उभी होती तोवर पुन्हा धरलेला त्रिताल अडला, हेही खरंच.

मग बायकोनं, दीप्तीनं, बाजारात पिटाळलं. बटाटे आणायचे होते, 'ब' येईना, सुरण घेऊन आलो. ती सोलायला बसली. शब्द चुकवण्यात मी आता इतका तयार झालोय की समोरच्याला पत्ता लागत नाही. रिक्षावाल्याला दत्ताचं देऊळ सांगता येत नाही, म्हणून 'शाळेच्या जरा पुढं' म्हणतो. चारचौघांत दीप्तीला दीप्ती म्हणत नाही, 'अगं' म्हणतो. लोकांना वाटतं जुन्या वळणाचा माणूस आहे.

शनिवार, १ नोव्हेंबर

क्लासच्या भिंतीवर सरांचं एकच सर्टिफिकेट आहे, तेही फार वरचं नाही. आज धीर करून कादंबरीला विचारलं. ती म्हणाली, "काका, सरांनी विशारद दिलीच नाही. वाजवण्यात तर टॉप केलं असतं त्यांनी. पण तिथं तोंडी असते ना, परीक्षक बसवून घेतात, घराणं सांगा, हे सांगा, ते सांगा. फॉर्म भरलेला सरांनी, पण गेलेच नाहीत. काकू सांगतात, त्या दिवशी पोट बिघडलेलं."

अभ्यास झाला नसणार, दुसरं काय! आणि हा माणूस मला पोरांसमोर बसवून पढंत म्हणायला लावतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. मला आज फार राग आला. तो राग वाजवण्यात उतरला असावा, कारण तीनदा वाजवायचा तुकडा, तिहाई, पहिल्यांदाच समेवर आली आणि सरांनी मान डोलावली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

जेवायच्या आधीच लिहायला बसलोय.

काकू बहिणीच्या ऑपरेशनसाठी ठाण्याला गेलेल्या. कादंबरीही नव्हती. सर एकटेच, हातात प्रवेशपत्रांचा गठ्ठा. पत्रावर फोटो असतो, त्यामुळे पत्र वर धरून पोराकडे बघायचं आणि बोट करायचं, असं त्यांचं वाटप चाललेलं. मी खिडकीशी पाठमोरा, हातोडीनं तबला सुरात आणत होतो. मागून "अहो" ऐकू आलं, पण दारात एका मुलाचे वडील उभे होते, ते "मला का?" म्हणून पुढं झाले. म्हणून मीही लक्ष दिलं नाही.

आणि मग मागून आलं, "स… स… स-स-स…"

वळलो. सर माझं पत्र धरून उभे. डोळे मिटलेले, मान ताठ, खालचा ओठ थरथरतोय. "स-स-सह…" हुबेहूब. माझी हुबेहूब नक्कल, भर वर्गात. पोरं खो खो हसली. तो दारातला बापही मिशीत हसला. सरांनी डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

मी हातोडी ठेवली. पत्र त्यांच्या हातातून घेतलं. चपला हातात घेऊनच जिना उतरलो. ते वरून काहीतरी म्हणू पाहत होते. ऐकायला थांबलो नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

ज्याच्या पायाशी बसायचं त्यानंच अंगावर पाय द्यावा! बाहेरच्या शंभर जणांनी केलेली नक्कल मी गिळली असेल. ही नाही गिळता येत. तबल्यावर चादर टाकून ठेवली आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

क्लासला गेलो नाही. संध्याकाळी काकूंचा फोन.

"अहो सहदेव, काय झालं हो? मी आले तर हे नुसते बसून. धड जेवलेले नाहीत."

मी म्हटलं, "स… सरांना द्या फोन."

"ते फोनवर नाही हो बोलत."

"माझ्याशी न… नाही, की कुणाशीच नाही?"

काकू म्हणाल्या, "तुम्ही क्लासला या. समोरासमोर बसा. ते तुम्हाला…" पुढचं त्यांनी गिळलं. पहिल्यांदाच काकूंना वाक्य पुरं करता आलं नाही.

मी फोन ठेवला. चूक कबूल करायला ह्या माणसाला साधा फोन उचलवत नाही, आणि बायकोला पुढं करतो.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सकाळी सरांच्या नंबरवरून मेसेज आला. इथं उतरवून ठेवतो.

'श्री. सहदेव यांस नमस्कार. गेल्या शनिवारी जे घडले त्यात तुमचा अपमान करण्याचा हेतू नव्हता. तुम्ही समजता तसे नाही. कसे आहे ते लिहायला बसलो, तीनदा खोडले. परीक्षेत तुमच्यामागे पेटीवर लेहरा मीच धरणार आहे. तुमचा हात तयार आहे. या.'

भाषा बघून वाटतं कादंबरीकडून लिहून घेतला असावा. दीप्तीला दाखवला. तिनं दोनदा वाचला.

"त्या वेळी तोंड कसं होतं हो त्यांचं? हसत होते?"

"नाही."

"हसल्याशिवाय कुणी नक्कल करतं का?"

मी म्हटलं, तेच तर कसब. न हसता करणारा पक्का असतो. दीप्ती पाण्याची मोटर लावायला गेली.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

पाच दिवस उरले. आज मोबाइलवर लेहरा, म्हणजे ताल मोजायला पेटीवर फिरत राहणारी धून, लावला. समोर दीप्ती, क्षिप्रा आणि शेजारच्या सखुबाई, अशी परीक्षा भरवली. त्रिताल अडला. झपताल अडला. रूपकला खाली देऊन बसून राहिलो. सखुबाई म्हणाल्या, "देवाचं नाव घे नि सोड, हातानं वाजव ना बाबा." त्यांचं काही चुकलं नाही. पण दहावीच्या त्या दोन गुणांपासून मी सोडतच आलोय.

परीक्षा माझी आहे, त्यांची नाही. उद्या क्लासला जाणार. वाजवणार. त्यांच्या तोंडाकडे बघणार नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

गेलो. सरांनी माझ्यापुढं तबला सरकवला. तबला सुरात लावलेला होता. अकरा दिवस मी नव्हतो तरी कुणीतरी क्लासमधली माझी जोडी रोज पुसलेली दिसत होती.

दीड तास शिकवलं. शेवटी पेटी मिटली आणि माझ्याकडे वळून तोंड उघडलं. "म… मी…" एवढंच. काकू आतून लगेच म्हणाल्या, "त्यांना म्हणायचंय, रविवारी वेळेवर या." काकूंकडे सरांनी ज्या नजरेनं पाहिलं, ती मला कळली नाही. माफी मागायची संधी काकूंनी घालवली असं वाटून मला उगाच चुटपुट लागली. मग स्वतःचाच राग आला.

शनिवार, २९ नोव्हेंबर

जेवण गेलं नाही. सकाळपासून चार वेळा मनात आलं, पोट बिघडलंय असं कळवावं. ह्या वेळी ते खरंही आहे. दीप्तीनं झब्बा इस्त्री करून दाराला टांगलाय.

रविवार, ३० नोव्हेंबर

कल्याणला शाळेच्या वर्गात परीक्षा. बाकं भिंतीला सारलेली, मध्ये सतरंजी. मागच्या बाकांवर पोरं आणि त्यांचे पालक. परीक्षक बाहेरगावचे, माझ्याहून थोडे मोठे, सारखं घड्याळ बघणारे. दाराशी कादंबरी नंबर पुकारत होती. काकूंना बाहेर थांबवलेलं. सर पेटीवर लेहरा धरून. माझा नंबर चौदावा.

"नाव?"

'स'वर गेलो आणि राहिलो. परीक्षकांनी वाट पाहिली, मग कागद बघून स्वतःच लिहून घेतलं. दहावीचे दोन गुण पुन्हा गेले.

"त्रिताल. पढंत."

सरांनी लेहरा सुरू केला. पहिलं आवर्तन हाताचं. सम आली, तोंडातून काही नाही. पुन्हा टाळ्या, पुन्हा सम, काही नाही. अशा सात समा गेल्या. मी मोजल्या, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मागं एक बाक करकरलं. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता आणि माझी मान ताठ होत चालली होती.

परीक्षकांनी हात वर केला. लेहरा थांबला. ते वाईट नव्हते, उलट हळू आवाजात म्हणाले, "राहू द्या. पढंतीचे वीस सोडा, तुम्ही थेट वाजवा. वाजवण्यावर पास व्हाल. कशाला एवढा त्रास करून घेता?"

खरं लिहितो, मला हायसं वाटलं. मी मान हलवली आणि तबल्यावर हात ठेवला.

तेवढ्यात पेटीकडून आवाज आला. "थ… थ… थ…"

सर परीक्षकांकडे तोंड करून बसले होते. डोळे मिटलेले, मान ताठ, खालचा ओठ थरथरतोय. त्या दिवशी होता तसाच चेहरा, तसूभर फरक नाही. पण मी त्यांच्या नजरेतही नव्हतो. समोर एक अनोळखी परीक्षक, मागं स्वतःचे वीस विद्यार्थी, त्यांचे आईबाप. इथं कुणाची नक्कल करणार हा माणूस?

"थ… थांबा," ते म्हणाले. मग श्वास घेतला. "तो… म्ह… म्ह… म्हणेल."

तीन शब्दांना किती वेळ लागला सांगता येत नाही. वाक्य पुरं करायला काकू आत नव्हत्या. कुणी हसलं नाही. दाराशी कादंबरीनं तोंडावर हात ठेवला होता; नऊ वर्षांत तिलाही पत्ता नसावा. सरांनी डोळे उघडले, कुणाकडेच न बघता भात्याला हात घातला आणि लेहरा पुन्हा सुरू झाला.

दोन वर्षं मी ह्या माणसाला मिजासखोर म्हणतोय. आणि तोतऱ्याला तोतरा ओळखता आला नाही.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. मी हात वर केला. अख्खं आवर्तन टाळ्या दिल्या. समेवर 'ध… धा' आलं. साफ नाही आलं, पण आलं. धिं धिं धा. खालीच्या पुढं 'ता' अडला, तेव्हा टाळी चालू ठेवली आणि पुढच्या समेवर पुन्हा धरलं. एकपट झाली, दुप्पट झाली. चारही ताल म्हटले, सहा ठिकाणी अडकून. मग वाजवलं. कसं वाजवलं ते आठवत नाही. विसातले किती मिळतील तेही ठाऊक नाही.

बाहेर आलो तर सर जिन्याच्या पायरीवर बसलेले. काकू रिक्षा बघायला खाली गेल्या होत्या. मी शेजारी बसलो. म्हटलं, "मला वाटलं, तुम्ही माझी न… नक्कल केलीत." हे म्हणायलाही मला पुष्कळ वेळ लागला. ते मध्ये काही बोलले नाहीत, संपेपर्यंत ऐकत राहिले.

मग ते बोलायला लागले. अडलेली अक्षरं इथं लिहीत नाही. एकेका शब्दापाशी ते थांबत होते, आणि पुढचा शब्द मला दिसत होता. जन्मभर लोकांनी माझ्या तोंडात शब्द कोंबले, तसाच मीही देऊन टाकावा असं दर वेळी वाटलं. दिला नाही. शेवटी वाक्य झालं ते असं: "मला साठ वर्षं सगळ्यांनी चिडवलं. मी एकदाही उठून गेलो नाही. तुम्ही उठलात. जिना उतरताना तुम्हाला पाहिलं आणि मला फार बरं वाटलं."

मला रडू आलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर डग्ग्याला मारतात तशी एक हलकी थाप मारली आणि पुन्हा तोंड उघडलं. "आ… आता…"

खालून काकूंनी हाक मारली, "अहो, रिक्षा आलीय, चला!" मी हात वर करून त्यांना थांबवलं. सरांचं अजून बोलून व्हायचं होतं.